तिसऱ्या मालकाची मोटार : सातारा-सांगलीतील दुरुस्तीच्या धंद्याचा इतिहास

भारतातील मोटारीचा इतिहास बहुधा ती बनवणाऱ्या कारखान्यांचा आणि ती पहिल्यांदा विकत घेणाऱ्या संस्थानिकांचा व धनिकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला असून, पहिल्या मालकाने विकून टाकल्यावर त्याच गाडीने जी वीस-तीस वर्षे काढली त्यांची दखल त्यात क्वचितच घेतलेली दिसते. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण आलिशान सेडान, म्हणजे चार दारांची आणि सामानासाठी मागे स्वतंत्र डिकी असलेली बंदिस्त मोटार, मुंबई-पुण्यात मिरवून झाल्यावर पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती या पट्ट्यात येई, आणि येथे ती किती वर्षे चालेल हे गॅरेजवरच ठरे. या धंद्याला दोन अंगे होती : झिजलेला भाग नव्याने घडवणे आणि बिघाड नेमका कोठे आहे हे शोधणे. त्यांपैकी पहिले अंग कृष्णाकाठी मोटारीच्या बऱ्याच आधी, अगदी वेगळ्या कारणासाठी तयार झालेले होते. दुसरे मात्र येथील मिस्त्रींना गाडीगणिक शिकावे लागले.

साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य 1848 साली खालसा झाले असले तरी त्याच्या आसपास औंध, फलटण, सांगली, थोरली व धाकटी मिरज, जत अशी संस्थाने 1948 च्या विलीनीकरणापर्यंत टिकून होती. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापुरता या दोन्ही जिल्ह्यांचा विचार एकत्र करणेच सोयीचे ठरते. संस्थानी दरबारांखेरीज मोटारींची वर्दळ होती ती महाबळेश्वराकडे, कारण मुंबईच्या गव्हर्नरांचा उन्हाळी मुक्काम तेथे असे आणि त्यांच्यामागून वकील, व्यापारी व अधिकारी आपापल्या गाड्या घेऊन वाईमार्गे पसरणीचा घाट चढत.

हा घाट मोटारीची परीक्षाच घेई. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते. सुमारे 4500 फुटांवरील महाबळेश्वरात ते 95 अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते, त्यामुळे दाब धरून ठेवणारे झाकण नसलेल्या जुन्या रेडिएटरमधून वाफ आणि पाणी दोन्ही बाहेर पडत. दुसरा बिघाड अधिक फसवा होता. इंजिनाच्या अंगालाच बसवलेला पेट्रोलचा पंप तापला की नळीतले पेट्रोल तेथेच वाफ होऊन अडे, टाकीत पेट्रोल असूनही कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागापर्यंत, थेंबही पोहोचत नसे आणि गाडी चढावरच बंद पडे. पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबणे हा त्यावरचा उपाय ड्रायव्हर मंडळींना ठाऊक होता. उपाय सोपा असला तरी त्यामागचा विचार महत्त्वाचा आहे, कारण ठिणगी ठीक, टाकी ठीक, मग मधल्या वाटेवर काय अडले, असा तो टप्प्याटप्प्याने केलेला शोध होता.

घडवण्याचे अंग आले ते शेतीच्या लोखंडी अवजारांमधून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथे नांगर, चरक व पंप तयार होऊ लागले. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांनी 1922 च्या सुमारास कारखाना काढला, जो देशात डिझेल इंजिने बनवणाऱ्या अगदी आरंभीच्या कारखान्यांपैकी एक ठरला. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, ही गोष्ट साताऱ्याबाहेर आता फारशी कोणाला आठवत नाही. या दोन कारखान्यांनी मोटारी बनवल्या नाहीत, परंतु ओतकाम, लेथकाम आणि इंजिनाची जुळणी जाणणारे हात या भागात तयार केले, आणि नदीचे पाणी उसाच्या शेतापर्यंत उचलणारी ऑइल इंजिने गावोगाव पोहोचताच त्यांच्या दुरुस्तीची छोटी वर्कशॉपे तालुक्याच्या ठिकाणी निघाली. शहराच्या दारूखान्याशेजारी घोडागाडीच्या तबेल्यातून मोटार गॅरेज निघाल्याच्या कथा मुंबईत शोभतात. कृष्णाकाठच्या गॅरेजची वंशावळ मात्र पाण्याच्या पंपापाशी जाऊन पोहोचते.

हे नाते तोंडदेखले नव्हते, याचा पुरावा इंजिनाच्या पोटात सापडतो. 1928 पासून मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्स शेव्हर्लेसारख्या गाड्यांची जुळणी करीत होती, आणि 1950 च्या दशकाच्या आरंभापर्यंत शेव्हर्लेच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात आजच्यासारख्या तयार बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या नसत. कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, डोळ्यात कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा व्हाइट मेटल नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून ओतलेला असे. तो झिजला की इंजिन ठोकू लागे. अशा वेळी मिस्त्री जुना धातू वितळवून काढी, रॉडला कथलाचा हात देऊन नवा धातू ओती, लेथवर त्याला माप देई आणि मग क्रँकच्या गळ्याला निळा रंग लावून रॉड बसवून फिरवी. जेथे निळा डाग उमटे तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा फिरवणे, असे डाग सर्वत्र सारखे पडेपर्यंत चाले. उसाच्या मळ्यातील ऑइल इंजिनासाठी हे काम करणाऱ्याला अमेरिकन मोटारीचे इंजिन परके वाटण्याचे कारण नव्हते. सिलिंडर झिजून अंडाकृती झाला की तो मोठ्या मापाला कोरून त्यात मोठा पिस्टन घालण्याचे, म्हणजे रीबोअरचे, कामही याच वर्कशॉपांत होई.

या कौशल्याला खरी किंमत आली ती स्वातंत्र्यानंतर. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून डॉज आणि प्लायमाउथ गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि त्याच वर्षी सांगलीत सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे वालचंदांचेच नाव मिळाले. सातारा रोडचा कूपर यांचा कारखानाही त्यांच्याच समूहाकडे गेला होता. पुढे 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर देशात सुटे भाग बनवण्याची योजना नसलेल्या जुळणी कारखान्यांना थारा राहिला नाही, जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला, आयातीवर कडक निर्बंध आले आणि रस्त्यावरच्या शेकडो मोठ्या गाड्या एकाएकी पोरक्या झाल्या. त्यांचे भाग मिळण्याची ठिकाणे म्हणजे कुर्ल्याचा भंगार बाजार आणि बुधवारी व रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार. तेथे न मिळाले तर नमुना घेऊन ओतून घ्यायचे. ज्या काळात सरकारी धोरण गाडीचे आयुष्य नकळत वाढवीत होते, त्या काळात हे आयुष्य प्रत्यक्षात वाढवणारा माणूस लेथपाशी उभा होता, एवढे तरी या धोरणाच्या इतिहासकारांनी नोंदवायला हवे होते.

फियाट आणि अॅम्बॅसेडर यांच्याविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत आणि त्यांचे दोष सर्वांना पाठ होते. 1973 च्या अखेरीस तेलाच्या किमती भडकल्यावर मात्र मोठ्या पेट्रोल गाड्यांचा प्रश्न नव्याने उभा राहिला. साखर, हळद आणि गूळ यांवर पैसा मिळवलेल्या कुटुंबांना मोठी, ऐसपैस गाडी हवी होती, पण तिची पेट्रोलची भूक परवडत नव्हती, आणि यावर तोडगा निघाला तो इंजिनच बदलण्याचा. टेम्पोचे किंवा अन्य डिझेल इंजिन जुन्या सेडानमध्ये बसवण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारी जाड पोलादी चकती मापात कातून घ्यावी लागे, इंजिनाचे पाय नव्या जागी वेल्ड करावे लागत, पुढचा भार वाढल्यामुळे स्प्रिंग बदलाव्या लागत आणि शेवटी परिवहन कार्यालयात इंजिन क्रमांकाची नोंद फिरवून घ्यावी लागे. गाडीचा आवाज आणि थरथर वाढे. जाणकारांना हा अत्याचार वाटे आणि तो होताही, परंतु तो झाला नसता तर त्यांपैकी पुष्कळ गाड्या त्याच दशकात भंगारात गेल्या असत्या.

शोधण्याच्या अंगाची मूळ पद्धत सर्वत्र एकच होती : एकेक भाग बाद करीत जाणे. इंजिन मिसिंग करू लागले, म्हणजे एखादा सिलिंडर काम करीनासा झाला, की मिस्त्री प्लगच्या टोप्या एकेक करून काढी. टोपी काढल्यावर इंजिनाची चाल आणखी बिघडली तर तो सिलिंडर निरोगी, आणि काहीच फरक पडला नाही तर दोष तेथेच. या पद्धतीला पहिला मोठा धक्का दिला तो जर्मन गाड्यांनी. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात, आणि अशा वाटांनी देशात फिरू लागलेल्या 1970-80 च्या दशकांतील डिझेल मर्सिडीजमध्ये, विशेषतः डब्ल्यू 123 या श्रेणीत, एक विलक्षण बिघाड आढळे. किल्ली फिरवून काढून घेतली तरी इंजिन बंदच होत नसे.

साहजिकच संशय विजेच्या जोडणीवर किंवा डिझेल पंपावर जाई आणि तेथे हात घालणारा फसे. या गाडीत इंजिन बंद करण्याचे काम निर्वात, म्हणजे नळीतील हवा ओढून निर्माण केलेली पोकळी, करीत असे, आणि त्याच पोकळीवर दारांची कुलुपे चालत. मागच्या एखाद्या दाराच्या आत असलेला रबरी पडदा वयोमानाने फाटला की तेथून हवा आत शिरे, पोकळी टिकत नसे आणि बंद करण्याची आज्ञा इंजिनापर्यंत पोहोचतच नसे. म्हणजे दोष दाराच्या कुलुपात आणि लक्षण इंजिनात. तात्पुरते इंजिन थांबवण्यासाठी बॉनेटखाली स्टॉप असे लिहिलेला खटका दाबायचा, आणि मग रंगीत खुणांच्या बारीक नळ्या एकेक करून चिमटत जायचे. जी चिमटल्यावर इंजिन किल्लीने बंद होते, त्या वाटेवर गळती. साधन बदलले, पण प्लगची टोपी काढून पाहण्याची युक्तीच येथे नळीला लागू पडली, आणि ज्या मिस्त्रींनी हे ओळखले ते या गाड्यांना घाबरेनासे झाले.

1995 मध्ये पिंपरीत टेल्कोच्या सहकार्याने डब्ल्यू 124 या मर्सिडीजची जुळणी सुरू झाली आणि काही वर्षांतच जुन्या झालेल्या या गाड्या महामार्गाने दक्षिणेकडे उतरू लागल्या. त्यांच्यात लेथवर घडवता येण्याजोगे फारसे काही झिजतच नव्हते. बिघडत होत्या त्या तारा. त्या काळच्या मर्सिडीजच्या काही इंजिनांवरील तारांचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळे, उघड्या तारा एकमेकींना चिकटत आणि इंजिन मनमानी चाले. सेन्सर, म्हणजे तापमान वा दाब मोजून इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला कळवणारा भाग, बदलला तरी दोष कायम राही. अशा वेळी इंजिनावरून गेलेली तारांची संपूर्ण जुडी उतरवून तार तारेला जोडत नव्याने विणणारा वायरमन लेथवाल्यापेक्षा अधिक मोलाचा ठरू लागला. 1998 साली आलेल्या डब्ल्यू 220 श्रेणीत स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या होत्या. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली की पिशवीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे, हे सायकलच्या पंक्चरवाल्यालाही समजण्यासारखे होते. पण गळती न शोधता नुसता कंप्रेसर, म्हणजे पिशव्यांत हवा भरणारा पंप, बदलला तर तो गळती भरून काढण्यासाठी अखंड चालून पुन्हा जळे, आणि असे दोनदा जळलेले कंप्रेसर हीच मालकाची मिस्त्रीविषयीची कायमची तक्रार होई.

त्यानंतर स्कॅनर आला. नियंत्रकाने साठवलेले दोषांचे क्रमांक वाचणारे हे यंत्र बिघाडाचे नाव सांगते खरे, पण कारण सांगत नाही, आणि बॅटरी अशक्त असेल तर एकाच वेळी डझनभर खोटे दोषही दाखवते. या मर्यादेचा सर्वांत कठोर अनुभव सांगलीला महापुराने दिला. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा आलिशान गाड्यांचे नुकसान साध्या गाड्यांपेक्षा कितीतरी अधिक झाले, कारण काही जर्मन सेडानमध्ये नियंत्रकांच्या पेट्या पायाखालच्या गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी, म्हणजे पाणी सर्वांत आधी साचते तेथेच, ठेवलेल्या असतात. पुरातून निघालेली गाडी लगेच सुरू करायची नाही, हा पहिला नियम. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून इंजिन हाताने फिरवणे, तेल बदलणे, आसने व गालिचे उतरवून सगळे जोड उघडणे आणि गाळ धुऊन ते वाळवणे ही कामे झाल्यावरही आठवड्यांनी एखाद्या जोडात हिरवा गंज चढतो, आणि ज्या दोन तारांवरून सर्व नियंत्रक आपसांत बोलतात त्या सामाईक वाहिनीत एकाच पेटीने घोळ घातला की स्कॅनरला सगळ्याच पेट्या मुक्या दिसतात. मग पेट्यांचे जोड एकेक करून काढले जातात, आणि जी काढल्यावर बाकीच्या बोलू लागतात ती दोषी.

कायद्याच्या दृष्टीने अशा गाडीची अवस्था मात्र मधलीच आहे. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. 2021 च्या नियमांनुसार विंटेज हा दर्जा मिळतो तो पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटल्यावर. पिंपरीत 1995 साली जोडलेल्या गाडीला तो दर्जा मिळायला 2045 उजाडेल, आणि तोवर एमएच 10 किंवा एमएच 11 ची पाटी लावलेल्या तिच्यासारख्या प्रत्येक गाडीला दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयाच्या आवारात दिवे, ब्रेक आणि धूर दाखवायला न्यायचे काम तिच्या मिस्त्रीकडेच राहणार आहे.