पेडणे : पाच हजारांचं शहर, पाऊण लाखाचा तालुका

पेडणे : मुंबई-गोवा महामार्गाने बांदा सोडलं की पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते आणि तिथून सुरू होतो पेडणे तालुका. गोव्याच्या अगदी उत्तर टोकाचा हा भाग. सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्गच्या लोकांना तो परका नाही. सोयरीक, देवाची जत्रा, बाजार, नोकरी, दवाखाना, काही ना काही निमित्ताने इकडे येणं-जाणं असतंच. पण तालुक्याचं मुख्य ठिकाण असलेलं पेडणे शहर किती मोठं, असं विचारलं तर नेमकं उत्तर फार थोड्यांना देता येईल. २०११ च्या जनगणनेनुसार पेडणे पालिका क्षेत्राची लोकसंख्या होती अवघी ५,०२१.

दोन नद्या आणि एक समुद्र

तालुक्याच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. उत्तरेला बांद्यावरून वाहत येणारी तेरेखोल नदी, तर दक्षिणेला शापोरा. हीच शापोरा वरच्या अंगाला तिळारी म्हणून ओळखली जाते. शापोरेच्या पलीकडे बार्देश. आग्नेयेला इब्रामपूरपलीकडे डिचोली तालुक्यातलं साळ. उत्तर आणि पूर्वेला सिंधुदुर्ग जिल्हा.

तेरेखोल गाव आणि किल्ला मात्र नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात येतो. केरीहून तिथे जायला फेरीबोट आहे, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा घालायचा. नकाशावरची सीमा आणि माणसाची वाट इथे जुळत नाही, ती अशी.

जमिनीचे ढोबळ तीन पट्टे पडतात. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी हा किनारपट्टा. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. आगरवाडा, चोपडे भागात नदीकाठची खाजन शेती आणि मिठागरं. आणि आत मोपा, वारखंड, चांदेलच्या बाजूला जांभ्या दगडाचे सडे, उतारावर काजू आणि सखल भागात भातशेती. हरमलच्या मिरचीला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

शहर घटलं, तालुका वाढला

आता आकड्यांकडे वळू. २००१ मध्ये पेडणे शहराची लोकसंख्या ५,२८७ होती. २०११ मध्ये ती ५,०२१ झाली. म्हणजे दहा वर्षांत २६६ माणसं कमी, साधारण पाच टक्के घट. त्याच दहा वर्षांत तालुका ७१,९९९ वरून ७५,७४७ वर गेला, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. संपूर्ण गोव्याची वाढ याच काळात आठ टक्क्यांच्या वर होती. २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५ नोंदली गेली.

शेजारच्या डिचोलीशी ताळा घातला की फरक लगेच दिसतो. डिचोली तालुक्यात २०११ मध्ये ९७,९५५ लोक होते आणि तिथे डिचोली व साखळी अशा दोन पालिका आहेत. एकट्या डिचोली शहरात सुमारे १७ हजार लोक. पेडणे तालुक्यात पालिका एकच, आणि तालुक्यातल्या दर शंभर माणसांमागे शहरात राहणारी जेमतेम सात. बाकी सगळा कारभार पंचायतींचा.

थोडक्यात, पेडणे हे राहण्यापेक्षा कामासाठी येण्याचं शहर. मामलेदार कचेरी, बाजार, बँक, बस. गावकरी सकाळी येतात, काम उरकून घरी जातात. कॉलेज आहे ते शहराबाहेर विर्नोड्याला, बांद्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचं. रेल्वे स्थानकही बाहेर मालपेच्या बाजूला. मोठ्या दुखण्याला म्हापशाचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ. घर बांधायचं तर आपल्या गावात, धंदा करायचा तर किनाऱ्यावर आणि नोकरी म्हापसा-पणजीत, असा हा सगळा मामला आहे.

जुना महाल

पेडणे हा नव्या काबिजादीतला महाल. सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला. त्याआधीची सगळी नाती सावंतवाडी संस्थानाशी होती, म्हणून बोली, देवस्थानं आणि दशावतार यांत आजही हद्द जाणवत नाही. शहरातलं श्री भगवती मंदिर आणि तिथले दगडी हत्ती प्रसिद्ध आहेत. दसरोत्सवातली कोजागरीची 'पेडण्याची पुनव' पाहायला सिंधुदुर्गातूनही गर्दी लोटते. देशप्रभूंचा वाडा ही शहराची आणखी एक ओळख.

पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. हुतात्म्यांत पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल होते. तिथे आज स्मारक आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली.

विमानतळ आला, आकडा जुनाच

११ डिसेंबर २०२२ रोजी मोप्याच्या सड्यावरच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. उद्घाटनाच्याच दिवशी धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थाही खुली झाली. तिकडे तुये इथे इलेक्ट्रॉनिक सिटी. त्यामागोमाग भाड्याच्या खोल्या, टॅक्सी, हॉटेलं, जमिनीचे व्यवहार असं सगळं सुरू झालं.

पण शासनाच्या कागदावर पेडणेची माणसं अजून २०११ चीच आहेत, कारण २०२१ ची जनगणना झाली नाही. हा फक्त कागदाचा प्रश्न नाही. १५ व्या वित्त आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अनुदानासाठी २०११ ची लोकसंख्या धरली. पाण्याची योजना, कचऱ्याची गाडी, शाळेची तुकडी, आरोग्य केंद्रातल्या खाटा यांचं गणितही डोक्यांच्या संख्येवरच बसतं. आज नळाला पाणी कमी येतं अशी तक्रार असली, तर पाणी पिणारी तोंडं किती हे आधी कळायला हवं.

मोजणीत कोण येणार?

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. पेडणेसारख्या सीमेवरच्या तालुक्यात इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. सावंतवाडी किंवा दोडामार्गहून रोज विमानतळावर कामाला येऊन संध्याकाळी परतणारा मुलगा त्याच्या घरच्या गावात मोजला जाईल. पेडण्यात खोली घेऊन राहणारा मात्र, मग तो कुठल्याही राज्यातला असो, पेडण्यात. किनाऱ्यावर चार दिवसांसाठी आलेला पर्यटक इथल्या रहिवाशांत धरला जाणार नाही, जरी तो इथलंच पाणी वापरत असला आणि इथलाच रस्ता.

म्हणून भाडेकरू ठेवणाऱ्या घरमालकांनी प्रगणक दारात आल्यावर घरातली माणसं लपवू नयेत, आणि भाडेकरूंनीही 'आमचं नाव गावाकडे आहे' म्हणून दार लावून घेऊ नये. मतदारयादीतलं नाव आणि जनगणनेतली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद सुटली की तेवढा वाटा सुटला, आणि पाच हजारांच्या शहरात दोनशे माणसं सुटली तरी फरक चार टक्क्यांचा पडतो.