जोव्हान्नीच्या खोलीत घर कोण चालवतं?

जेम्स बॉल्डविनची ‘जोव्हानीज रूम’ १९५६ साली आली. तेव्हापासून वाचक तिच्याबद्दल जे बोलत आले आहेत, त्यातलं बरंचसं तीन वाक्यांत बसतं. डेव्हिड असह्य आहे. शेवटी या लेखकानंही समलिंगी माणसाला मारलंच. आणि तिसरं, जरा समजूतदार आवाजात: खरं तर ही समलिंगी प्रेमाची गोष्टच नाही, कुठल्याही दोन माणसांची आहे. पहिली दोन चिडून म्हटली जातात, तिसरं कौतुकानं. पण तिन्ही म्हणणारा वाचक एकाच ठिकाणी घसरतो. पुस्तकाला जिच्यावरून नाव पडलं, त्या खोलीत तो फार वेळ बसत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. डेव्हिड हा गोरा अमेरिकन तरुण पॅरिसमध्ये पैशांवाचून अडकला आहे. पैसे त्याचेच, पण वडिलांच्या ताब्यात. मुलानं घरी परतावं म्हणून ते पाठवत नाहीत. हेलाला त्यानं लग्नाचं विचारलं आहे आणि ती विचार करायला स्पेनला गेली आहे. गियोम नावाच्या माणसाच्या बारमध्ये काम करणारा इटालियन जोव्हान्नी त्याला भेटतो आणि डेव्हिड त्याच्या खोलीवर राहायला जातो. पुढे हेला परतते. डेव्हिड एका शब्दानं न सांगता निघून जातो. जोव्हान्नीची नोकरी आधीच गेलेली असते. तो गियोमचा खून करतो आणि त्याला गिलोटिनची शिक्षा होते. दक्षिण फ्रान्समधल्या भाड्याच्या घरात, शिक्षेच्या आदल्या रात्री, डेव्हिड हे सगळं आठवत बसला आहे.

मरणाचा आक्षेप तिन्हींत वजनदार, म्हणून तो आधी घेऊ. त्यामागे इतिहास आहे. १९५२ साली अमेरिकेत व्हिन पॅकर या टोपणनावानं ‘स्प्रिंग फायर’ ही दोन मुलींच्या प्रेमाची कादंबरी निघाली, तेव्हा शेवट सुखाचा नको ही संपादकाची अटच होती. नाहीतर टपाल खातं पुस्तकं अडवेल ही भीती. गोर व्हिदालच्या १९४८ च्या कादंबरीचा शेवट खुनात झाला होता. पॅट्रिशिया हायस्मिथनं १९५२ मध्ये दोन बायकांना आशेवर सोडलं खरं, पण टोपणनावाआडून. फॉर्स्टरनं ‘मॉरिस’ला सुखाचा शेवट दिला आणि पुस्तक हयातभर पेटीत ठेवलं, ते निघालं १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. आपल्याकडे तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली मित्राही शेवटी जीव देते. तेच ते मरण वाचून वाचक विटला असेल, तर नवल काय?

पण त्या पुस्तकांत शिक्षा होते ती इच्छेला. बॉल्डविनच्या पुस्तकात मरणापर्यंतचा रस्ता कुठून जातो, हे पावलापावलानं पाहायला हवं. गियोमला जोव्हान्नी हवा असतो. जोव्हान्नी दाद देत नाही, म्हणून गियोम चारचौघांत त्याच्यावर चोरीचा आळ घेऊन त्याला हाकलतो. परदेशी माणूस, दुसरी नोकरी कुठून मिळणार? डेव्हिड गेल्यावर हातातोंडाची गाठ पडेना, तेव्हा तो पुन्हा त्याच मालकाच्या दारात जातो. पुढे वर्तमानपत्रं गियोमला जुन्या घराण्याचा शेवटचा वारस करून टाकतात. बारमध्ये काय चालायचं ते कोणी छापत नाही. आणि खुनी परदेशी आहे, म्हटल्यावर सगळ्यांनाच हायसं वाटतं. यात जोव्हान्नीचं प्रेम त्याला कुठे मारतं ते दाखवा. मारते ती मालकाची मुजोरी, परक्या देशातली बेकारी आणि जोडीदाराची पाठ.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. तो खून आपण बघतच नाही. गियोमच्या खोलीत त्या रात्री काय झालं असेल, ते डेव्हिड मनाशी रंगवतो. कोठडीतून गिलोटिनपर्यंतची जोव्हान्नीची वाटही त्याच्याच कल्पनेतली. म्हणजे ‘लेखकानं मारलं’ म्हणून ज्या प्रसंगांवर आपण चिडतो, ते पळून गेलेल्या माणसानं रात्रभर जागून स्वतःला दाखवलेले प्रसंग आहेत. त्यांतलं नाट्य जास्त झालं असेल, तर तो जास्तपणा कोणाचा, हे विचारायला हवं.

आता एक नवा सूर. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, तेव्हापासून आपल्याकडचा वाचकही म्हणू लागला आहे की बिचारे त्या काळात जन्मले, आज असते तर सुखानं नांदले असते. हे सहानुभूतीचं बोलणं आहे, म्हणूनच त्याला कोणी हटकत नाही. पण ते पॅरिसला लागू पडत नाही. फ्रान्समध्ये प्रौढ पुरुषांच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का १७९१ मध्येच गेला होता. १९४२ च्या कायद्यानं एकवीसच्या आतल्यांशी संबंध गुन्हा ठरवला आणि तो १९८२ पर्यंत टिकला, हे खरं. पण डेव्हिडला जोव्हान्नीपासून कुठल्याही कलमानं तोडलेलं नाही. त्याचा देश त्याच्या मनात आहे, असं यावर कोणी म्हणेल. असेलच. आयसेनहॉवरच्या सरकारनं १९५३ मध्ये फर्मान काढून समलिंगी माणसांना संघराज्याच्या नोकऱ्यांची दारं बंद केली, तोच तो देश. पण तो देश डेव्हिडच्या मनात आहे तसा खिशातही आहे. पासपोर्ट आहे, आज ना उद्या येणारे वडिलांचे पैसे आहेत, परत जायला घर आहे. जोव्हान्नीला यातलं काहीच नाही. इटलीतल्या गावी त्याचं मूल मेलेलं जन्मलं, तेव्हा तो देवाला आणि गावाला दोघांनाही सोडून आला.

म्हणून ती खोली. पॅरिसच्या टोकाला, एकाची अडचण होईल अशी. बाहेर अंगण, आतलं कोणाला दिसू नये म्हणून खिडकीच्या काचांवर पांढरं फासलेलं. भिंतीवरच्या कागदावर गुलाबांच्या ताटव्यात फिरणारे जुन्या पोशाखातले बाई आणि पुरुष. जोव्हान्नी भिंतीतल्या विटा काढतो आहे, तिथे पुस्तकांचं कपाट बसवायचं म्हणून. डेव्हिडला त्यात फक्त पसारा दिसतो. पहिले काही महिने जोव्हान्नी रात्रपाळी करून पैसे आणतो आणि डेव्हिड खोली आवरतो. आपल्याला गृहिणी व्हायचं नाही, ही गोष्ट त्याच्या मनात तेव्हाच घर करते. निघून गेल्यावर पुन्हा गाठ पडते, त्या शेवटच्या भांडणात ती बाहेर पडते: तू कमावून आणायचं आणि मी भांडी घासत घरात बसायचं, बाईसारखं? जोव्हान्नीला तो प्रश्नच कळत नाही. भांडी ज्याला सवड असेल त्यानं घासावी. त्यात बाई कुठून आली?

हे भांडण नीट वाचलं की ‘कुठल्याही दोन माणसांची गोष्ट’ हे कौतुक टिकत नाही. नवरा-बायकोच्या घरात भांडी कोणी घासायची याचं उत्तर त्या काळी लग्नाआधीच तयार असायचं. दोघे पुरुष म्हटल्यावर ते तयार उत्तर निकामी होतं आणि डेव्हिडच्या हातापायांतलं बळ जातं. तो हेलाकडे धावतो, कारण तिच्यापाशी तयार उत्तर मिळतं. तिलाही तेच हवं असतं आणि तेही मोडतं: नीसमधल्या एका बारमध्ये खलाशाबरोबर बसलेला डेव्हिड तिला सापडतो. ही गोष्ट स्त्री-पुरुषांवर बेतून बघा, निम्मं कथानक हलणारच नाही. उलट बाजूनं लोक बॉल्डविनचीच साक्ष काढतात. प्रेम करायला माणूस घाबरला तर काय होतं, त्याचं हे पुस्तक, अशा अर्थाचं तो १९८४ च्या एका मुलाखतीत बोलला होता. पण आयुष्यभर एकाच खणात कोंबलेल्या लेखकाचं ते बोलणं. त्यावरून दोघे पुरुष असणं गौण ठरवायचं, हा वाचकाचा आळस.

डेव्हिड असह्य आहे, हे कबूल. पण त्याच्यावर आपण जे जे आरोप ठेवतो, त्याचा सगळा पुरावा त्यानंच पुरवलेला आहे. साक्षीदारानं स्वतःविरुद्ध एवढी साक्ष द्यावी आणि ऐकणाऱ्यानं म्हणावं की हा माणूस मला आवडला नाही! गोऱ्या पात्रांच्या आडून काळ्या लेखकानं वर्णाचा प्रश्न टाळला, हा आक्षेपही याच जातीचा. दोन्ही ओझी एका पुस्तकात पेलणं तेव्हा आपल्याला जमलं नसतं, असं बॉल्डविननं सांगितलं आहे. तरी पहिल्याच पानावर डेव्हिड काचेत आपले सोनेरी केस बघतो आणि त्याला खंड पादाक्रांत करणारे पूर्वज आठवतात. प्रश्न टाळणारा लेखक अशी सुरुवात करत नाही.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, आणि तो नेमका फार कमी ऐकू येतो. गियोमच्या बारमधले बायकी, रंगरंगोटी केलेले पुरुष. त्यांच्यातल्या एकाला बघून डेव्हिडला विष्ठा खाणारी माकडं आठवतात. किळस डेव्हिडची आहे, लेखकाची नव्हे, असं म्हणायची सोय आहे; मी ती बराच काळ वापरली. पण इतर ठिकाणी डेव्हिडचं खोटं बॉल्डविन त्याच्याच तोंडून उघडं पाडतो, तसं इथे होत नाही. त्या बारमध्ये ऊठबस असलेला झाक तरी सुटतो: ले आल बाजारातल्या पहाटेच्या न्याहारीला डेव्हिडला सगळ्यात शहाणपणाचं तोच ऐकवतो, आणि पुढे जोव्हान्नी अडचणीत आला की खिशात हातही तोच घालतो. बाकीच्यांना तेवढीही संधी मिळत नाही. जोव्हान्नीच्या तोंडीही त्यांच्यासाठी शिवीच असते. जोव्हान्नीच्या मरणाचा हिशेब मागणाऱ्या वाचकानं बॉल्डविनला गाठायचंच असेल, तर या बारच्या दारात गाठावं.