गुडघ्यात सुई शिरली तेव्हा

चरकसंहितेतल्या वातव्याधींच्या अध्यायात दुखऱ्या सांध्याची खूण सांगितली आहे: सूज हाताला हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखी लागते आणि सांधा हलवला की कळ येते. लिहिणाऱ्यानं असे गुडघे चाचपले असणारच. सांध्यावरचे उपाय मात्र सगळे वरून व्हायचे: तेल, शेक, लेप, डाग. महाराष्ट्रातल्या खेड्यांत बिब्बाही घालत. त्याच्या तेलानं कातडी भाजायची, फोड यायचे आणि काळे व्रण मागे राहायचे.

1948 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन दिलं. काही दिवसांतच ती चालू लागली. 1950 मध्ये केंडॉल आणि राइखस्टाइन यांच्यासह हेंच यांना नोबेल मिळालं. पण औषध अंगभर भिनलं की चेहरा सुजायचा, हाडं ठिसूळ व्हायची. मग थेट दुखऱ्या सांध्यातच का टोचू नये? फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी तेच केलं. कॉर्टिसोनचा फारसा उपयोग होईना, हायड्रोकॉर्टिसोननं मात्र गुण आला. हे निष्कर्ष 1951 मध्ये प्रसिद्ध झाले.

तंत्र तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. गुडघ्याच्या वाटीच्या कडेनं सुई आत जाते, साठलेलं पिवळसर पाणी आधी काढून घेतात, मग औषध सोडतात. निरोगी सांध्यातला थेंब दोन बोटांत धरून ताणला, तर त्याची लांब तार निघते. सांधा सुजला की ती तुटू लागते. हा चिकटपणा हायल्युरोनिक आम्लाचा. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते 1934 मध्ये गाईच्या डोळ्यातून वेगळं केलं. पुढे एन्द्रे बालाज यांनी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध स्वरूपात काढलं. शर्यतीच्या घोड्यांना ते आधी मिळालं. माणसांच्या गुडघ्यासाठी अमेरिकेत परवानगी मिळायला 1997 उजाडलं. आपल्याकडे लोक त्यालाच ‘वंगणाचं इंजेक्शन’ म्हणतात.

गरज किती मोठी आहे, हे भिगवणनं दाखवलं. 1996 मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं या गावातल्या चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. सुमारे 18 टक्क्यांना हाडा-सांध्यांचं दुखणं होतं, जवळपास 6 टक्क्यांना सांध्यांची झीज.

एवढ्या दुखण्यावर झटपट गुण देणारी सुई हवीहवीशी वाटणारच. म्हणूनच 2017 चा अमेरिकी अभ्यास महत्त्वाचा. 140 रुग्णांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोनच्या जातीचं औषध, टोचलं. उरलेल्यांना नुसतं सलाइन. वेदनेत फरक पडला नाही, पण स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा अधिक झिजली. सुई काही आठवड्यांची उसंत देते, झीज भरून काढत नाही. त्या उसंतीत मांडीचे स्नायू बळकट करून घेतले, तरच ती सार्थकी लागते.

तेव्हा सुई घेण्याआधी मागची कधी आणि कोणती घेतली, हे डॉक्टरांना सांगा. मधुमेह असेल तर तोही सांगा. स्टेरॉइडनं काही दिवस साखर वाढते.