व्यवसायनीती, ख्रिस्ती

व्यवसायनीती, ख्रिस्ती : खरेदी-विक्री, कर्जव्यवहार, मजुरी, नफा व मालमत्ता यांसंबंधीचे निर्णय ख्रिस्ती धर्मविचाराच्या आधारे तपासणारी नीतिशास्त्राची शाखा. स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून तिला विसाव्या शतकात रूप आले. तथापि तिच्यातील मूलभूत प्रश्न बायबलइतकेच जुने आहेत. नफा मिळविणे धर्म्य की अधर्म्य, एवढाच वाद या शाखेत असावा असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात व्यवहारातील दुर्बल पक्षावर कोणता भार पडतो, हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी राहिला. त्याचे उत्तर प्रथम व्यक्तीच्या सदसद्‌विवेकावर सोपविण्यात आले आणि पुढे त्यासाठी संस्था उभारण्यात आल्या. महाराष्ट्रात या दुसऱ्या टप्प्याचे ठळक उदाहरण वसई येथे आढळते.

बायबलमधील आधार : जुन्या करारातील नियमशास्त्रात खोटी वजने व मापे वापरण्यास मनाई असून मजुराची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी, असा दंडक आहे. गरीब स्वकीयाला दिलेल्या कर्जावर व्याज घेऊ नये, असे निर्गम व लेवीय या ग्रंथांत सांगितले आहे. अनुवाद या ग्रंथात परक्याकडून व्याज घेण्याची मुभा दिली आहे. स्वकीय कोण व परका कोण, या भेदातून पुढे शतकानुशतके वाद झाले. इ. स. पू. आठव्या शतकातील आमोस या संदेष्ट्याने माप लहान व किंमत मोठी करणाऱ्या धान्यव्यापाऱ्यांवर कठोर टीका केली. नव्या करारात जक्कय हा जकातदार आपली निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपटीने परत करण्याचे वचन देतो. नुसत्या पश्चात्तापाने भागत नाही, झालेली हानी भरून द्यावी लागते, हे तत्त्व या कथेच्या आधारे मांडण्यात आले.

मध्ययुगीन विचार : ३२५ मधील नायसीआच्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंना व्याजबट्टा करण्यास बंदी केली. ११७९ मधील तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघडपणे व्याजखोरी करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला. सेंट टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) याने या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. सिसरोने पूर्वी चर्चिलेल्या एका उदाहरणासारखा प्रश्न त्याने विचारात घेतला : टंचाईच्या गावी एक व्यापारी धान्य घेऊन येतो, मागून आणखी धान्य येत आहे हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने गिऱ्हाइकांना सांगावे काय? चालू भावाने विकल्यास न्यायाचा भंग होत नाही, परंतु त्याने ते सांगितले किंवा भाव उतरविला तर तो अधिक सद्‌गुणी ठरेल, असे अक्वाय्नसचे उत्तर आहे. न्यायाची किमान मर्यादा आणि सद्‌गुणाची अपेक्षा यांतील हा फरक पुढील नैतिक निर्णयमीमांसेत महत्त्वाचा ठरला.

व्याजबंदी असूनही गरिबांची कर्जाची गरज संपली नव्हती. म्हणून पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या प्रेरणेने तारण ठेवून अल्प आकाराने कर्ज देणाऱ्या धर्मादाय पेढ्या निघाल्या. खर्चापुरता आकार घेणे ही व्याजखोरी नव्हे, असा निर्णय १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने दिला.

धर्मसुधारणा व औद्योगिक युग : जॉन कॅल्व्हिन याने १५४५ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात काही अटींवर व्याज ग्राह्य मानले. गरजू माणसाकडून ते घेऊ नये, ही त्यांतील एक प्रमुख अट होय. इंग्लंडमधील क्वेकर व्यापाऱ्यांनी घासाघीस टाळून एकच भाव सांगण्याची प्रथा पाळली. जॉन वेस्लीने धनविषयक प्रवचनात शेजाऱ्याच्या शरीराला वा मनाला अपाय करणारी कमाई निषिद्ध ठरविली. पोप तेरावा लिओ याच्या १८९१ मधील परिपत्रकात कामगाराच्या निर्वाहाला पुरेल असे वेतन हा न्यायाचा विषय असल्याचे प्रतिपादन करण्यात आले. केवळ दोघांच्या संमतीने ठरलेली मजुरी न्याय्य ठरतेच असे नाही, हे त्यातील महत्त्वाचे विधान होय.

पश्चिम किनाऱ्यावरील प्रयोग : स्वित्झर्लंडच्या बाझेल मिशनने १८३४ मध्ये मंगळूर येथे व त्यानंतर लवकरच धारवाड-हुबळी भागात कार्य सुरू केले. धर्मांतरामुळे जातीपासून व उपजीविकेपासून तुटलेल्यांना काम देण्यासाठी मिशनने विणकामाचे व १८६५ पासून कौलांचे कारखाने काढले. मंगळुरी कौले कोकण व देशावरही रूढ झाली. मिशनच्या व्यापारी कंपनीचा (स्था. १८५९) नफा धर्मकार्याकडे वळविण्यात येई. या प्रयोगाने एक अडचणीचा प्रश्न पुढे आणला. धर्मगुरू व मालक हे एकाच संस्थेचे असले, तर कामगाराने मजुरीविषयी तक्रार करावी कोणाकडे? परोपकारातून उभा राहिलेला कारखानाही सत्तेच्या विषमतेपासून मुक्त नसतो, हे त्यावरून दिसून येते. पहिल्या महायुद्धात हे उद्योग मिशनच्या हातून गेले.

वसईतील सहकार : महाराष्ट्रात व्यवसायनीतीची खरी कसोटी सावकारी कर्जावर लागली. मे १८७५ मध्ये सुपे (जि. पुणे) येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी मुख्यतः सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा झाला. परंतु कायद्याने सावकाराला आवर घातला, तरी पर्यायी पतपुरवठा निर्माण झाला नाही. या उणिवेचे उत्तर जर्मनीत फ्रीड्रिख राइफायझेन (१८१८–८८) याने शोधले होते. ख्रिस्ती श्रद्धेतून कार्य करणाऱ्या या ग्रामप्रमुखाने परस्परांना ओळखणाऱ्या गावकऱ्यांची, परस्परांच्या कर्जाची हमी घेणारी पतमंडळे स्थापन केली. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा व पुढे त्याची जागा घेणारा १९१२ चा कायदा झाला.

वसई परिसरात पोर्तुगीज अमलापासून (१५३४–१७३९) कॅथलिक वस्ती आहे. तेथील सामवेदी, वाडवळ इ. ख्रिस्ती समाज केळी, पानवेल, भाजीपाला व फुले यांची बागायती करीत. या पिकांना आधी खर्च करावा लागतो व पैसा उशिरा हाती येतो. अशा वेळी कर्ज अटळ असे. १९१८ मध्ये मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने तेथे सहकारी संस्था स्थापन झाली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून वाढली. मध्ययुगीन धर्मशास्त्राने सावकाराला व्याजाबद्दल दोषी ठरविले होते. येथे ऋणको व धनको हे एकाच संस्थेचे सभासद झाल्याने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. व्याज राहिले, मात्र त्याचा दर व विनियोग ठरविण्यात कर्जदारालाही मत मिळाले.

त्याच भूमीवर १९८० नंतरच्या दशकात दुसरा प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या विस्तारामुळे बागायती जमिनींवर इमारती उठू लागल्या व विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृ. २०२४) यांनी हरित वसई चळवळीद्वारे याला विरोध केला. विक्री कायदेशीर असूनही शेजाऱ्याची विहीर आटत असेल, तर व्यवहारातील दुर्बल पक्ष हा व्यवहाराबाहेरचा माणूसही असू शकतो, असा या चळवळीचा नैतिक अर्थ लावता येतो.

मराठवाडा व वजनमापांचा प्रश्न : परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प आहे, परंतु आमोसने मांडलेला प्रश्न तेथील कापूसबाजारालाही लागू पडणारा होता. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी ठरणारे सौदे, वजनात धरला जाणारा कडता, अडत, तोलाई व हमाली यांच्या कपाती यांमुळे शेतकऱ्याला आपल्या मालाचा खरा भाव कळत नसे. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला व १८९७ मध्ये त्यासाठी कायदा झाला. परभणी ज्याचा भाग होता त्या हैदराबाद संस्थानात १९३० मध्ये कृषी बाजार कायदा करण्यात आला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६३ चा आहे. हे कायदे धर्मप्रेरित नव्हते. तथापि उघड लिलाव व तपासलेले काटे यांची त्यांतील तरतूद खोट्या मापांविरुद्धच्या प्राचीन आज्ञेशी जुळते. बाजाराची नीती कोण्या एका धर्माच्या मालकीची नसते, हेही यातून स्पष्ट होते.

निर्णयाची पद्धती : कॅथलिक परंपरेत कृतीचे स्वरूप, कर्त्याचा हेतू व परिस्थिती या तिन्ही अंगांनी निर्णय तपासला जातो, प्रॉटेस्टंट परंपरेत बायबलचे वचन व व्यक्तीचा विवेक यांवर अधिक भर आढळतो. दुसऱ्याच्या गैरकृत्यातील सहभागाचे कॅथलिक नीतिशास्त्रात दोन प्रकार मानले आहेत. मालकाच्या फसवणुकीत स्वतः सामील होऊन खोटी पावती लिहिणारा कारकून आणि त्या पावतीवरील माल केवळ उचलणारा हमाल यांची जबाबदारी सारखी नसते. नोकरी गमावण्याची भीती हमालाच्या बाबतीत विचारात घेतली जाते; कारकुनाला ती सबब पुरत नाही. भारतात जेझुइट संघाने १९४९ मध्ये जमशेटपूर येथे स्थापन केलेल्या झेव्हिअर संस्थेत व्यवस्थापनाच्या शिक्षणाला नीतिविचाराची जोड देण्यात आली.

मूल्यमापन : या परंपरेवर गंभीर आक्षेप घेण्यात आले आहेत. व्याजाबद्दल कठोर असलेल्या चर्चने दीर्घकाळ गुलामांचा व्यापार सहन केला आणि काही ठिकाणी त्याचा लाभही घेतला. चर्चच्या स्वतःच्या जमिनी व संस्था यांच्या कारभाराला हेच निकष लावावेत, अशी मागणी समाजातूनच होत आली आहे. तिची टिकाऊ देणगी मात्र वसईसारख्या उदाहरणांतून दिसते. दुर्बलाला न्याय मिळणे हे सबळाच्या सद्‌बुद्धीवर अवलंबून राहू नये, त्याला निर्णयात वाटा मिळावा, ही जाणीव तिने व्यवहारात उतरविली.