ब्रुसेल्स : दोन नावांची राजधानी

युरोपच्या सहलीला जाणारी आपली मंडळी पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅम यांच्यामध्ये ब्रुसेल्सला उणापुरा अर्धा दिवस देतात. लघवी करणाऱ्या पोराचा पुतळा पाहायचा, चॉकलेटचे पुडे घ्यायचे आणि बस गाठायची! इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा अर्धा दिवस फारच अपुरा वाटतो. त्यातून आपण दुभाषी मुलखातले. बेल्जियमची ही राजधानी फ्रेंच आणि डच या दोन भाषांत संसार करते. तिथल्या वास्तूंत आपल्याला जे दिसेल ते एकभाषी मुलखातल्या प्रवाशाच्या नजरेतून निसटण्याचा संभव आहे.

सुरुवात मुख्य चौकापासून करावी. फ्रेंचमध्ये तो 'ग्रां प्लास', म्हणजे मोठा चौक. डचमध्ये 'ग्रोटे मार्क्ट', म्हणजे मोठा बाजार. ऑगस्ट १६९५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या तोफखान्याने या शहरावर आगीचा वर्षाव केला. चार हजारांवर इमारती नष्ट झाल्या. नगरभवनाचा ९६ मीटर उंच मनोरा मात्र बचावला. आपल्या प्राचीन 'श्रेणीं'सारख्या तिथल्या व्यावसायिक संघांनी अवघ्या चार-पाच वर्षांत चौक पुन्हा उभारला. नावाड्यांच्या घराचा माथा जहाजाच्या पिछाडीसारखा घडवलेला आहे. राजवाड्यांनी नव्हे, तर कारागीर आणि व्यापाऱ्यांनी सजवलेला हा चौक १९९८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

नगरभवनासमोरची वास्तू मला सर्वांत बोलकी वाटते. फ्रेंचमध्ये तिचे नाव 'राजाचे घर', तर डचमध्ये 'पावाचे घर'. या घरात राजा कधी राहिला नाही. तेराव्या शतकात त्या जागी पाव विकण्याचा मंडप होता. पुढे तिथे ब्राबांतच्या ड्यूकची कार्यालये आली आणि ते पद स्पेनच्या राजाकडे गेल्यावर जागेला राजाचे नाव चिकटले. म्हणजे ही दोन नावे एकमेकांची भाषांतरे नव्हेत. एका भाषेने बाजार लक्षात ठेवला, दुसरीने दरबार. यांतले एक नाव पुसले असते, तर इतिहासाचे अर्धे पानच फाटले असते. आज तिथे शहराचे संग्रहालय आहे. त्या सुप्रसिद्ध पोराची अस्सल १६१९ ची मूर्ती इथेच आहे. रस्त्यावर दिसते ती प्रतिकृती.

पुढे चालत गेले की 'मोने' नाट्यगृह लागते. २५ ऑगस्ट १८३० रोजी इथे एका संगीतिकेचा प्रयोग झाला. तिचा विषय नेपल्सच्या जनतेचे स्पॅनिश सत्तेविरुद्धचे बंड. प्रयोगाच्या रात्रीच शहरात दंगा उसळला आणि त्याची परिणती बेल्जियमच्या स्वातंत्र्यात झाली. त्या लढ्यात पडलेले चारशेहून अधिक वीर जवळच्या हुतात्मा चौकात विसावले आहेत.

या उठावाच्या कारणांत भाषाही होती. नेदरलंड्सचा राजा पहिला विल्यम याने ब्रुसेल्ससह उत्तरेकडील प्रांतांत डच ही राज्यकारभाराची भाषा केली होती. फ्रेंच बोलणाऱ्या वर्गाला तो जाच वाटला. पण सत्ता हाती येताच त्याच वर्गाने काय केले? कचेऱ्या, न्यायालये आणि उच्च शिक्षण यांत फ्रेंच आणली. डच बोलणारा शेतकरी स्वतंत्र देशात परका ठरला.

हे मनात ठेवून काँग्रेस स्तंभ पाहावा. १८५९ साली पुऱ्या झालेल्या या स्तंभाच्या चार कोपऱ्यांवर चार स्वातंत्र्यांच्या मूर्ती आहेत : मुद्रण, शिक्षण, संघटना आणि उपासना. भाषेचे स्वातंत्र्यही १८३१ च्या राज्यघटनेत लिहिलेले होते, पण त्याला मूर्ती मिळाली नाही. कायद्यांच्या डच मजकुराला समान दर्जा मिळायला १८९८ उजाडले आणि राज्यघटनेची अधिकृत डच प्रत निघायला १९६७!

दर दहा वर्षांच्या शिरगणतीतील भाषिक आकड्यांवरून गावांचा दर्जा बदलण्याची रीत तिथेही होती. १९४७ च्या गणनेवरून मोठे वादळ उठले. अखेर भाषेची गणनाच बंद झाली आणि १९६२-६३ मध्ये भाषिक सीमा कायद्याने पक्की केली. ब्रुसेल्सच्या १९ नगरपालिका दुभाषी राहिल्या. तिथल्या रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत असतात. शाळा मात्र एक तर फ्रेंच माध्यमाच्या, नाही तर डच. भांडणे अजून मिटलेली नाहीत. तरीही पाटीवरचे दुसरे नाव खोडून आपले नाव मोठे होत नाही, एवढा धडा या शहराने दीडशे वर्षांची किंमत मोजून घेतला आहे.

बेळगाव म्हणावे की बेळगावी, यावर ज्या मुलखात आवाज चढतात, तिथल्या माणसाने 'पावाच्या घरा'समोर घटकाभर अवश्य उभे राहावे.