काडतूस घरी भरायची मशीन घ्यायची? आधी परवाना नीट वाचा

नागपूर : तूर शेंगांवर आली, हरभऱ्याला घाटे धरले की काटोल, नरखेड, पारशिवनी, रामटेक, उमरेड, भिवापूर या जंगलालगतच्या पट्ट्यातला शेतकरी रात्र रात्र जागलीवर असतो. रानडुकरांचा एक कळप धुरा ओलांडून आत शिरला की सकाळी वावरात काही उरत नाही. रोह्यांचेही तेच. म्हणून काही शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक असते. काडतुसे महाग आणि दुकान लांब. त्यात मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दिसतात. टेबलावर छोटी मशीन, दांडा खाली ओढला की काडतूस तयार! मग प्रश्न पडतो, ‘अशी मशीन आपणही आणली तर?’

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. ते माहीत नसले तर बंदूक जाईल, परवाना जाईल आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

ही मशीन असते तरी काय?

बारा बोअरच्या काडतुसात पाच गोष्टी असतात : प्लास्टिकची किंवा कागदी नळी, तिचे धातूचे बूड, बुडातली टोपी, दारू आणि छर्रे. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये एक डट्टा असतो. बार उडाल्यावर नळी आणि बूड तेवढे उरते. जुनी टोपी काढून नवी बसवणे, दारू-छर्रे भरणे आणि तोंड दुमडणे हे काम ही मशीन करते.

अमेरिकेत शिकारी आणि नेमबाज हे काम हौसेने घरी करतात. तिथे साधारण तीन प्रकार मिळतात. एका वेळी एकच क्रिया करणारी साधी मशीन, फिरत्या डोक्याची मशीन आणि प्रत्येक दांड्याला एक काडतूस बाहेर काढणारी वेगवान मशीन. छर्ऱ्यांच्या काडतुसासाठी वेगळी मशीन लागते, रायफलच्या गोळीसाठी वेगळी. नवशिक्याला तिथेही साधीच मशीन घ्यायला सांगतात. कारण वेगवान मशीनवर एखाद्या नळीत दुप्पट दारू पडली तर ती लगेच लक्षात येत नाही आणि पुढच्या बाराला बंदुकीची नळीच फुटते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ मधल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१) कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत काडतुसाचे सुटे भाग येतात आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे रिकामी मशीनसुद्धा कायद्याच्या नजरेत दारूगोळाच! ‘नुसती मशीन आणली, भरले काहीच नाही’ हे म्हणणे टिकत नाही. परदेशातून मागवायची तर कलम १० प्रमाणे आयातीचाही परवाना लागतो.

२) शेतकऱ्याकडचा परवाना कलम ३ खालचा असतो. तो बंदूक आणि ठरलेली काडतुसे जवळ बाळगण्यापुरता आहे. दारूगोळा तयार करायला कलम ५ खालचा वेगळा परवाना लागतो. रिकामी नळी पुन्हा भरणे म्हणजे काडतूस तयार करणेच.

३) कलम ५ मोडले तर कलम २५ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि दंड अशी शिक्षा आहे.

भरीस भर म्हणजे दारू हा स्फोटक पदार्थ आहे. तिच्यासाठी स्फोटके अधिनियम १८८४ आणि स्फोटके नियम २००८ लागू होतात. हे नियम राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. दारूच्या कामातला धोका जिल्ह्याने जवळून पाहिला आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावजवळच्या स्फोटक कारखान्यात नऊ कामगारांचा जीव गेला. तिथे तर प्रशिक्षित माणसे होती. घरात चूल, बिडी, लेकरे आणि विजेचे उघडे बोर्ड, सगळेच जवळ असते.

ठासणीच्या बंदुकीचे काय?

पीकसंरक्षणासाठी कायद्याने मुळात ठासणीचीच बंदूक धरली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोअरसारखी, मिळू शकते. ठासणीच्या बंदुकीत दर बाराला दारू आणि छर्रे भरावेच लागतात, तो तिच्या वापराचाच भाग आहे. पण दारू परवान्यात लिहिली तेवढीच आणि परवानाधारक दुकानातूनच घ्यायची. घरी दारू कुटणे हा गुन्हा आहे. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत घालणे तर जिवावरचे काम. काळ्या दारूसाठी बनवलेली नळी तो दाब सोसत नाही.

मग काडतूस घेताना काय बघाल?

* परवान्यावर बोअर, एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे, हे लिहिलेले असते. दुकानात मूळ परवाना न्या आणि खरेदीची नोंद करून घ्या.
* नळीवर कोरलेली लांबी आणि डब्यावरची लांबी जुळवा. जुन्या बंदुकांचे घर ६५ मिलिमीटरचे असते. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस बसल्यासारखे वाटते, पण उडताना दाब धोकादायक वाढतो.
* फुगलेले, ओल लागलेले किंवा बुडाला हिरवा गंज चढलेले काडतूस वापरू नका आणि फोडूही नका. दुकानदार किंवा पोलीस ठाण्याकडे विचारून जमा करा.
* घोडा दाबूनही बार उडाला नाही तर बंदूक लगेच उघडू नका. नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा.
* बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या जागी, कुलपात ठेवा.
* परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. संपायच्या दोन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज करा. ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी कार्यालय, शहरात पोलीस आयुक्तालय.

परवाना बंदुकीचा, शिकारीचा नाही

रानडुक्कर आणि रोही या दोघांनाही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे. पीक वाचवायला आवाज करून हाकलणे वेगळे आणि जनावर मारणे वेगळे. मारायचे असेल तर कलम ११ प्रमाणे वन विभागाची लेखी परवानगी आधी हवी. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करा. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे किंवा गावठी बॉम्ब पेरणे हे तर थेट गुन्हे आहेत. त्यात जनावराआधी शेजारचा गुराखी किंवा आपलाच सालदार सापडतो.

नुकसान झालेच तर फोटो काढा, सातबारा जोडा आणि वन विभागाकडे भरपाईचा अर्ज शक्यतो तीन दिवसांत द्या. पंचनामा होईपर्यंत वावर तसेच राहू द्या. काडतुसामागे वाचणाऱ्या चार पैशांपेक्षा वेळेवर दिलेला हा अर्ज शेतकऱ्याच्या जास्त कामी येतो.