आपल्या खारेपाटाचे बांध



जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत बांधांची हकिगत कशाला, असे कोणी विचारील. पण पेण-रोह्याच्या खारेपाटात बांध नसता तर शेत नसते, आणि शेताविना गाव व देऊळही उभे राहिले नसते.

आपल्याकडे पाणी दोन बाजूंनी येते. डोंगरातून अंबा, भोगावती व कुंडलिका यांचा पूर उतरतो; खालून धरमतर व रेवदंड्याच्या खाड्यांतून भरती चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पूर आला की त्याला वाट मिळत नाही. म्हणून बांध नुसता उंच असून भागत नाही. भरतीला मिटणारी व ओहोटीला आतले पाणी सोडणारी उघाडीही नीट चालावी लागते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कुलाबा भागातील पुष्कळ खाजणे ऐपतदार मंडळींनी बांध घालून लागवडीस आणली. त्यांना शिलोत्रीदार म्हणत. डागडुजीच्या बोलीवर त्यांना भाताचा हक्क मिळे. चिखल मात्र कष्टकऱ्यांनीच वाहिला. पुढे शेतकऱ्यांचे जोळ बांध राखीत. ज्यांची शेते एका बांधाआड, त्यांचा एक जोळ. खांड गेली की सर्वांनी धावायचे, कारण खारे पाणी शेतात शिरले की मीठ धुऊन निघेपर्यंत दोन-तीन पावसाळे पिकाची आशा नसे. थोडा खारेपणा सोसणारे काळा रता, भुरा रता हे भात म्हणूनच लावीत.

१९४८ साली खार जमीन कायदा झाला व मंडळ स्थापन झाले. १९७९ च्या नव्या कायद्यानंतर बांधांचा भार मुख्यतः सरकारवर आला. मोठी कामे सरकारी पैशाने होऊ लागली, हे चांगलेच झाले. परंतु जोळ मोडत गेले आणि खेकड्याचे बीळ वेळीच पाहून बुजविणारा माणूस बांधावर उरला नाही. खांड पडते ती अशाच बिळातून.

जुलै १९८९ मध्ये अंबेच्या महापुराने जांभूळपाडा व नागोठण्यात केलेला अनर्थ आपण विसरलेलो नाही. तसल्या पुराला बांध पुरा पडत नाही, हे खरे. पण उघाडी तुंबलेली असेल तर साधा पूरही शेतात मुक्काम करतो. बांधाबाहेरची कांदळवने लाटांचा मारा सोसतात, तीही राखली पाहिजेत.

मंदिरासाठी आपण वर्गणी दिली, श्रमदान केले. ते काम पुरे झाले. बांध मात्र दरवर्षी हात मागतो, आणि एकाने टाळले तर पाणी सर्वांच्या शेतात शिरते. येत्या वैशाखात गावाने एकत्र जमून आपला बांध व उघाड्या पाहून घ्याव्यात, ही नम्र विनंती.